मेंदूतला 'फुगा': कवटी न उघडता त्यावर उपचार कसे होतात?

मेंदूतील धमनीची भिंत एखाद्या ठिकाणी कमकुवत झाली की रक्ताच्या दाबाने ती फुग्यासारखी बाहेर येते. यालाच ब्रेन अॅन्युरिझम म्हणतात. साधारण 100 पैकी 3 प्रौढांमध्ये असा फुगा असतो. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही आणि अनेकांचा तो कधीच फुटत नाही. पण फुटला, तर जिवावर बेतते.

कॉइलिंग म्हणजे काय?

पूर्वी कवटी उघडून फुग्याच्या मानेला क्लिप लावणे हाच मुख्य उपाय होता. 1990 मध्ये इटालियन डॉक्टर गुइडो गुग्लिएल्मी यांनी सुटी करता येणारी प्लॅटिनमची कॉइल रुग्णावर वापरली. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी मेंदूपर्यंत नेतात आणि फुग्यात केसासारखी बारीक तार भरतात. आत रक्त गोठते आणि फुगा बंद होतो. 2002 च्या 'आयसॅट' अभ्यासात फुटलेल्या अॅन्युरिझमचे 2143 रुग्ण होते. वर्षभरानंतर मृत्यू किंवा परावलंबित्व यांचे प्रमाण क्लिपिंगनंतर सुमारे 31 टक्के, तर कॉइलिंगनंतर सुमारे 24 टक्के होते.

दुर्मिळ प्रकारांत अडचण कुठे येते?

कॉइल टिकायला फुग्याला अरुंद मान लागते. काही प्रकारांत ती नसते:

• फ्युसिफॉर्म: धमनी चहूबाजूंनी फुगते.
• ब्लिस्टर: फोडासारखा छोटा, अतिशय पातळ भिंतीचा.
• जायंट: 25 मिलिमीटर किंवा त्याहून मोठा.

अशा वेळी 'फ्लो डायव्हर्टर' उपयोगी पडतो. दाट जाळीची ही नळी फुग्यात न भरता मूळ धमनीत बसवतात. रक्त सरळ पुढे जाते, फुग्यातला प्रवाह मंदावतो आणि काही महिन्यांत जाळीवर धमनीचे नवे अस्तर तयार होते. अमेरिकेत अशा पहिल्या उपकरणाला 2011 मध्ये मान्यता मिळाली.

धोके आहेत का?

आहेत. जाळीवर गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो, म्हणून रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात. डॉक्टरांना न विचारता त्या बंद करू नयेत. फुगा आधीच फुटलेला असेल, तर याच गोळ्यांमुळे रक्तस्राव वाढण्याची भीती असते. त्यामुळे प्रत्येक रुग्णाचा निर्णय वेगळा असतो. काही रुग्णांसाठी क्लिपिंगच योग्य ठरते, तर काहींच्या छोट्या फुग्यावर फक्त लक्ष ठेवले जाते. उपचारानंतरही ठरावीक काळाने तपासणी लागते.

हे लक्षात ठेवा

आयुष्यात कधी झाली नाही अशी तीव्र डोकेदुखी क्षणात सुरू झाली, सोबत उलटी, मान आखडणे किंवा शुद्ध हरपणे असेल, तर गोळी घेऊन झोपू नका. महाराष्ट्रात 108 वर फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा. धूम्रपान सोडणे आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणे आपल्या हातात आहे. जवळच्या दोन किंवा अधिक नातेवाइकांना हा त्रास झाला असेल, तर तपासणीबद्दल डॉक्टरांशी बोला.