बॅटरी म्हणजे एकटा सेल नव्हे

मराठीत आपण टॉर्चला 'बॅटरी' म्हणतो आणि तिच्यात घालायच्या वस्तूला 'सेल'. इंग्रजी शिकलेली मंडळी हसतात, पण मला आपलं बोलणं मुळाच्या जवळचं वाटतं. बॅटरी म्हणजे मुळात तोफांची रांग. १७४९ मध्ये बेंजामिन फ्रँकलिननं वीज साठवणारी काचेची ११ तावदानं एकत्र जोडली आणि त्या जुळणीला हा लष्करी शब्द वापरला. म्हणजे एकटा तो सेल, अनेक मिळून बॅटरी.

हे आठवायचं कारण आमचा लोणंदचा भाचा. त्याच्याकडे रिमोटवर चालणारी बोट आहे, शेततळ्यात सोडतो. तिचा पॅक ७.२ व्होल्टचा, आत १.२ व्होल्टचे सहा सेल. जुन्या मोडक्या गाडीतला तसाच एक पॅक त्याला सापडला. परवा फोनवर विचारलं, "मामा, दोन्ही जोडले तर बोट दुप्पट पळेल ना?" प्रश्न साधा, पण याच्यामागे सव्वादोनशे वर्षांचा इतिहास आहे.

१८०० साली व्होल्टानं दोन धातूंच्या चकत्या आणि मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे अशी चळत रचली. चळत जितकी उंच, तितका झटका मोठा. मग १८३८ मध्ये याकोबी नावाच्या शास्त्रज्ञानं रशियात नेवा नदीवर विजेची नाव चालवली. डझनभर माणसं नेणाऱ्या त्या नावेत जस्त-तांब्याच्या ३२० जोड्या होत्या! १८५९ मध्ये प्लान्तेनं पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी केली. आणि १८९८ मध्ये निकोला टेस्लानं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात छोटी बोट सोडली आणि ती तारेशिवाय दुरून चालवून दाखवली. भाच्याच्या बोटीची ही पणजी. तिच्याही पोटात बॅटरीच होती.

आता जोडायच्या पद्धती दोन. मोठा लोखंडी नांगर ओढायला आपल्याकडे तीन-चार बैलजोड्या एकामागे एक जुंपायचे, तशी एक. तिच्यात व्होल्ट वाढतात, साठा तेवढाच राहतो. दुसरी म्हणजे शेजारशेजारच्या दोन टाक्या खालून नळीनं जोडाव्यात तशी. तिच्यात साठा वाढतो, व्होल्ट तेवढेच.

पण दोन्हींत एक मेख आहे, ती म्हणजे दुबळा गडी. रांगेतला एक सेल आधी संपला, की बाकीचे त्याच्यातून जबरदस्तीनं प्रवाह ढकलतात. तो उलटा भरायला लागतो आणि कायमचा बाद होतो. टाक्यांच्या जोडणीत पातळी वेगळी असली, की भरलेल्यातून रिकाम्यात लोंढा जातो. आजकालच्या लिथियमच्या पॅकमध्ये तर अशानं आगही लागू शकते.

आमच्या आजोबांना यातलं शास्त्र माहीत नव्हतं. रात्री पाण्याची पाळी असली की ते तीन सेलची बॅटरी घेऊन दारं धरायला जायचे. सेल बदलायचे ते तिन्ही एकदम. उतरलेले रेडिओत जायचे, कारण रेडिओला कमी लागतं. आम्ही पोरं "एकच बदला की" म्हणायचो. ते म्हणायचे, "नव्याला जुन्याच्या दावणीला बांधू नये."

नौदलही यापेक्षा वेगळं काही करत नाही. मुंबईत माझगाव डॉकनं बांधलेली 'कलवरी' पाणबुडी १४ डिसेंबर २०१७ ला नौदलात आली. तिच्यात ३६० सेल आहेत आणि एकेकाचं वजन ७५० किलो! पाण्याखाली सगळी भिस्त त्यांच्यावर. तिथे दुबळा सेल वेळीच हुडकणं ही हौस नव्हे.

शेततळ्यातही ती हौस नव्हेच. ताई, तू हे वाचत असशीलच, म्हणून स्पष्ट लिहितो. पॅक मधेच बसला की बोट मधोमध थांबते, आणि पोरं ती आणायला आत उतरतात. तळ्यातला प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो, की पोहता येणाऱ्यालाही काठ चढता येत नाही. अशा तळ्यांत मुलं गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

तेव्हा बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. एकामागे एक जोडलेस तर १४.४ व्होल्ट होतील आणि ७.२ च्या बेतानं केलेली मोटर जळेल. शेजारशेजार जोडायचे, तर दोन्ही पॅक एका जातीचे, एका मापाचे, एका वयाचे आणि सारखे भरलेले हवेत. तुझे तसे नाहीत. म्हणून एक लाव, बोट मंदावायला लागली की लगेच काठाशी आण आणि मग दुसरा लाव. वेग तेवढाच राहील, खेळ मात्र जास्त वेळ चालेल. बोटीला मागे एक लांब दोरीही बांध. टेस्लाला ती लागली नसेल, पण त्याच्या हौदाला आपल्या तळ्यासारखा कागद नव्हता.