टिशियनचा ‘अ‍ॅक्टिऑनचा मृत्यू’

स्नान करणारी वनदेवता डायना शिकारी अ‍ॅक्टिऑनच्या दृष्टीस पडली. तिच्या कोपाने तो हरिण झाला आणि त्याच्याच कुत्र्यांनी त्याला फाडले. रोमन कवी ओव्हिडची ही कथा व्हेनिसचा चित्रकार टिशियन याने तैलरंगांत आणली. स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजाला १५५९ मध्ये लिहिलेल्या पत्रात या चित्राचा उल्लेख आहे. मात्र १५७६ साली टिशियनचे निधन होईपर्यंत ते बहुधा त्याच्याच चित्रशाळेत राहिले.

डायनाच्या धनुष्याला प्रत्यंचा दिसत नाही. झाडी, पाणी आणि कुत्र्यांची अंगे तपकिरी-पिवळ्या फटकाऱ्यांत एकमेकांत मिसळतात. अ‍ॅक्टिऑनचे मस्तक हरणाचे, धड अजून माणसाचे. म्हणून काही अभ्यासक हे चित्र अपुरे मानतात. परंतु कडा रेखीव असत्या, तर रूपांतराचा तो क्षण गोठला असता. येथे आकार पूर्ण करण्यासाठी पाहणाऱ्याची दृष्टीच धावत राहते, आणि तीच या चित्राची गती होय. उत्तरवयात टिशियन बोटांनीही रंग लावीत असे, ही चित्रकार पाल्मा याच्या सांगण्यावरून झालेली नोंद याच्याशी जुळते.

१९७१ मध्ये लिलावानंतर हे चित्र इंग्लंडबाहेर जाण्याची वेळ आली. तेव्हा सरकारी अनुदानाला लोकवर्गणीची जोड मिळून १९७२ साली लंडनच्या नॅशनल गॅलरीने ते विकत घेतले. अपुरेपणाचा वाद कायम असतानाही सामान्य रसिकांनी ते राखले.