नोंदवही आणि तिचे वाचक

लॉगबुक, म्हणजे जहाजाची नोंदवही, ही साहित्यमीमांसेच्या अर्थाने संहिता मानावी काय? तीत कथानक नसते आणि रूढ अर्थाने लेखकही नसतो. पहाऱ्याची पाळी बदलते तसे हस्ताक्षर बदलते. वाऱ्याची दिशा व जोर, वायुभार, तापमान यांची नोंद ठरलेल्या रकान्यांत होते; आकाशाची स्थिती एकेका रोमन अक्षराने दर्शविली जाते. अशा लेखनाला वाचक असतो काय, या प्रश्नाचे उत्तर २०१० साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘ओल्ड वेदर’ या उपक्रमाने अनपेक्षितपणे दिले. हवामानशास्त्रज्ञांना जुन्या सागरी नोंदी हव्या होत्या. पृष्ठांची छायाचित्रे संगणकावर पाहून त्या उतरविण्याचे काम हजारो स्वयंसेवकांनी केले. प्रथम ब्रिटिश नौदलाच्या, आणि २०१२ पासून आर्क्टिक समुद्रात फिरलेल्या अमेरिकन जहाजांच्या.

त्यांत ‘बेअर’ हे एक जहाज. १८७४ साली डंडी येथे ते सीलच्या शिकारीसाठी बांधले गेले. ग्रीलीच्या आर्क्टिक तुकडीच्या सुटकेसाठी अमेरिकन नौदलाने ते १८८४ साली विकत घेतले. पुढे सुमारे चार दशके त्याने अलास्काच्या किनाऱ्यावर गस्त घातली. निवृत्तीनंतर ओकलंड येथे ते वस्तुसंग्रहालय झाले; तेथून बर्डच्या दक्षिण ध्रुव मोहिमेवर आणि महायुद्धात ग्रीनलंडच्या समुद्रात गेले. १९६३ साली ओढून नेले जात असता ते बुडाले. जहाज गेले, नोंदवह्या राहिल्या.

उपक्रमाच्या आरंभीच्या पद्धतीनुसार एकच पृष्ठ तीन स्वयंसेवकांनी स्वतंत्रपणे उतरवावे आणि त्यांच्या एकमतावरून पाठ निश्चित व्हावा, असे होते. पाठचिकित्सेत एका संहितेच्या अनेक हस्तलिखित प्रती ताडून पाहिल्या जातात. येथे हस्तलिखित एकच असून ताडून पाहावयाची ती वाचने. पुसट आकडा तीन की आठ, हे ठरविताना वाचक आधीच्या तासाचा वायुभार पाहतो. म्हणजे आकडादेखील संदर्भावाचून वाचता येत नाही. अर्थनिर्णयन तेथेही सुटत नाही. शिवाय विज्ञानाला हवे होते ते आकडे, परंतु स्वयंसेवकांनी आजारी खलाशी, मृत्यू, वाटेत भेटलेली जहाजे यांच्याही नोंदी टिपल्या. कोष्टकाने जे मागितले नव्हते ते वाचकांनी वाचले, आणि इतिहास तेथूनच आत आला.

रोलाँ बार्थ याने वाचकाचा जन्म लेखकाच्या मृत्यूशी जोडला. याच उपक्रमात उतरवून घेतलेल्या ‘जीनेट’च्या नोंदवह्यांपाशी मात्र ते रूपक राहत नाही. १८७९ साली सान फ्रान्सिस्कोहून निघालेले हे नौदलाचे जहाज बर्फात अडकले आणि जून १८८१ मध्ये बर्फाच्या दाबाने फुटून बुडाले. खलाशांनी नोंदवह्या बर्फावरून वाहून नेल्या. लेना नदीच्या मुखाशी ओझे पेलवेना, तेव्हा कप्तान डी लाँग याने त्या किनाऱ्यावर सुरक्षित ठेवल्या; पुढे तो स्वतः उपासमारीने मेला. तेहतिसांपैकी वीस जण परतले नाहीत. नोव्हेंबर १८८१ मध्ये त्याचा सहकारी मेलव्हिल याला त्या सापडल्या.

ज्यांनी त्या वाहिल्या त्यांना आपला वाचक ठाऊक नव्हता, तरी तो असेल हे त्यांनी गृहीत धरले होते. लेखकाला संहितेतून वजा करणाऱ्या आपल्या मीमांसेने या गृहीताचा हिशेब अद्याप दिलेला नाही.