पाण्यामागून भाडं

स्वस्त घर आणि देव यांच्यात एक साम्य आहे. दोन्ही आहेत असं छातीठोकपणे सांगणारे शंभर भेटतात, प्रत्यक्ष दाखवणारा एकही भेटत नाही. फरक एवढाच, की देवाच्या बाबतीत मधल्या माणसाचं सव्वा रुपयावर भागतं. घराच्या बाबतीत त्याला एक महिन्याचं भाडं मोजावं लागतं.

बँकेतल्या कारकुनाला हे ज्ञान लवकर होतं. बदली झाली की तो आधी शाखा शोधतो, मग चहाचा ठेला आणि मग घर. बँक त्याला घरभाडं भत्ता देते. या भत्त्याचा घरभाड्याशी संबंध किती? तर सिंहगडाचा सिंहाशी असतो तितका.

माझी बारामतीला बदली झाली तेव्हा वाणिज्य शाखेचा पदवीधर या नात्यानं मी आधी बाजाराचा अभ्यास केला. पंधरा दिवस घरं पाहिली. सोळाव्या दिवशी लक्षात आलं, की हा विषय वाणिज्याचा नाहीच. हा इतिहासाचा विषय आहे. कुठल्या वस्तीत भाडं किती, हे एजंट ठरवत नाही, मालकही ठरवत नाही. ते पाणी ठरवतं, आणि तेही फार पूर्वीपासून.

सुरुवात कऱ्हेपासून करू. जुनं गाव या नदीच्या काठी वसलं. हल्ली कऱ्हेला पाणी आलं की त्याची बातमी होते, पण वस्ती करताना पूर्वजांनी नदीवर विश्वास टाकला होता. इथले धनी म्हणजे सावकार नाईक. त्यांची गढी अजून उभी आहे. पेशव्यांशी त्यांचं दुहेरी नातं होतं. पहिल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई नाईकांच्या घरात दिलेली, आणि नाईकांचं कर्ज पेशव्यांच्या डोक्यावर. बाजीराव गेले तेव्हा, १७४० साली, बाबूजी नाईकांनी शाहूमहाराजांकडे चक्क पेशवेपदच मागितलं. महाराजांनी ते नानासाहेबांना दिलं, ही गोष्ट वेगळी. पण कर्जदार गेल्यावर त्याची खुर्चीच मागणारा सावकार! आमच्या वसुली खात्यात असा एक जरी माणूस असता, तरी आम्हाला दर मार्चअखेर झोप लागली असती.

याच नाईकांच्या आश्रयानं मोरोपंत बारामतीत राहिले. १७२९ साली पन्हाळ्याला जन्मलेले पंत १७९४ साली इथेच वारले. त्यांनी एकशे आठ रामायणं रचली, शिवाय आर्यांमधून अख्खं महाभारत आणि वर केकावली. एवढं एका माणसाच्या हातून झालं कसं, याचा उलगडा अभ्यासक विद्वत्तेनं करतात. माझा उलगडा साधा आहे. दर अकरा महिन्यांनी करार संपून सामान टेंपोत भरायची वेळ पंतांवर कधी आली नाही. आमच्यासारख्यांचं एक रामायण झालं की घरमालक बदलतो.

त्या जुन्या भागात आजही काही वाड्यांत स्वस्त खोल्या आहेत, असं ऐकतो. पण जुन्या भाडेकायद्यांच्या सावलीत शिरलेला भाडेकरू स्वतः बाहेर पडत नाही. पडलेच तर त्याचे नातू पडतात. तेव्हा नातवांची वाट पाहण्यापेक्षा पुढचं शतक पाहिलेलं बरं.

पुढच्या शतकात १८७६ चा दुष्काळ पडला. त्यातून सरकारला शहाणपण सुचलं आणि वीरच्या बंधाऱ्यापासून नीरेचा डावा कालवा निघाला. १८८५ साली त्याला पाणी सुटलं. आता शेतकऱ्यांनी आनंदानं नाचायला हवं होतं. ते नाचले नाहीत. पाऊस बरा झाला तर पाणीपट्टी फुकट जायची. ऊस लावावा तर खताला आणि बेण्याला भांडवल कुठून आणायचं? पाणी शेताजवळून वाहतंय आणि घेणारा नाही, असा काही काळ गेला. मग सासवडकडचे माळी आले. त्यांनी कालव्याखालच्या जमिनी खंडानं घेतल्या, ऊस लावला, गूळ केला आणि पैसा केला. माझ्या दृष्टीनं स्वस्त जागा शोधण्याच्या शास्त्राचे आद्य आचार्य हेच. त्यांचा सिद्धांत असा: पाणी पोचलेलं आहे पण माणसांना अजून कळलेलं नाही, ती जागा स्वस्त.

एकदा कळल्यावर मात्र गर्दी झाली. पाणी कुणी किती, कुठे घ्यायचं यावरून इतका गोंधळ वाढला, की विश्वेश्वरय्यांना ब्लॉक पद्धत काढावी लागली. गुळाच्या पेठेला १९१४ साली दौंडहून नॅरोगेज रेल्वे आली. जमिनी महागल्या. आणि मग काही ठिकाणी पाणी इतकं झालं, की शेतं पाणथळ आणि खारवट झाली. कालव्याजवळचं एक घर मला दाखवण्यात आलं, तेव्हा हा इतिहास मी भिंतीवर प्रत्यक्ष पाहिला. कमरेएवढी ओल होती.

मालक म्हणाले, "साहेब, ओल न्हाई ती. गारवा हाय. उन्हाळ्यात कूलर लागायचा न्हाई."

पुढची सत्तर-ऐंशी वर्षं भराभर जातात. सहकारी साखर कारखाने आले, १९६२ साली तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय, १९७२ साली विद्या प्रतिष्ठान, मग एमआयडीसी. गाव भिगवण रोडनं पळत सुटलं. जळोची, तांदुळवाडी, रुई ही एकेकाळची वेगळी गावं नगरपालिकेच्या हद्दीत आली.

एजंट मला सांगायचा, "दहा वर्षांमागं हितं कुत्रं फिरकत नव्हतं, साहेब. आता बघा!"

मी बघायचो. आता तिथे माणसं फिरत होती आणि माझ्या पगाराला परवडत होतं ते कुत्र्याच्या काळातलं भाडं. पाणी येतं, रस्ता येतो, शाळा येते, भाडं वाढतं, आणि सगळ्यांत शेवटी, धापा टाकत, बँकेचा कारकून येतो.

"मग इंदापूरला राहा," आमच्या हेडकॅशियरनी सुचवलं. अंतर पन्नासेक किलोमीटर. वाटेत वालचंदनगरकडे वळता येतं. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंदांनी उजाड माळावर साखर कारखाना आणि वसाहत उभी केली. तिथे घराचा प्रश्न कंपनीनं सोडवला होता, घर नोकरीबरोबर. इंदापूर तर मालोजीराजांचं. ते तिथल्याच लढाईत पडले. एवढ्या मोठ्या माणसाला जिथे जमिनीसाठी लढावं लागलं, तिथे दोन खोल्यांसाठी माझं काय कौतुक, असं मनाशी म्हणत मी इंदापूरलाही चार घरं पाहिली. भाडं खरंच कमी होतं. उरलेले पैसे एसटी आणि पेट्रोल यांनी आपसांत वाटून घेतले असते.

याच दिवसांत आमच्या खिडकीशी एक आजोबा आले. सत्तरी ओलांडलेली, स्वच्छ धोतर, टोपी. खात्याची कागदपत्रं नव्यानं भरायची होती. फॉर्मवर दोन रकाने असतात: सध्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता. पहिला त्यांनी भरून घेतला. दुसऱ्यापाशी थांबले.

"कायमचा म्हंजी कुठला, साहेब? त्यो उजनीत हाय."

भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. सुमारे ११७ टीएमसी पाणी. इंदापूर तालुक्यातली भीमाकाठची गावं त्यात गेली. माणसं वर सरकली, नव्या जागी त्याच नावांनी गावं वसली. जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ पाण्यात आहे. पाणी फार उतरलं, की ते वर येतं. आजोबा म्हणाले, तसं पाणी उतरलं की ते नातवाला घेऊन चिखलातून जातात आणि दाखवतात: ही वेस, ही आमची ओसरी, हा उंबरा. घर पाच खणांचं होतं. भाडं नाही, हप्ता नाही.

"आता त्या पान्यावर समद्यांचा ऊस हाय," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. कागदावर सही करावी तसं म्हणाले.

मी हिशेबाचा माणूस. पाणी आलं की जागेची किंमत वाढते, हे माझ्या वहीत जमेच्या बाजूला लिहिलेलं होतं. नावे कोण पडलं, हे त्या दिवशी समोर बसलं होतं. मी दुसऱ्या रकान्यात 'वरीलप्रमाणे' लिहिलं. आजोबांनी ते वाचायला सांगितलं, ऐकलं, आणि अंगठ्याऐवजी चांगली वळणदार सही केली.

सध्या मी गावाच्या कडेला एका नव्या वस्तीत राहतो. दुसरा मजला, दोन खोल्या, भाडं परवडणारं. कारण नळाला पाणी दिवसाआड येतं. परवा मालक आनंदानं सांगत आले, की पुढल्या वर्षी रोज येणार.

मी म्हटलं, "सावकाश येऊ द्या, मालक. काही घाई नाही."