कार्बन नॅनोनलिका : आयनद्रायूद्वारे संस्करण व अंतर्भरण

प्लाझ्मा म्हणजेच आयनद्रायूतील धन किंवा ऋण आयन विद्युत् दाबाने ओढून कार्बन नॅनोनलिकांवर आदळविणे आणि त्यायोगे नलिकेची भिंत बदलणे किंवा तिच्या पोकळीत परके अणू-रेणू बसविणे. एकभित्ती नलिकेचा व्यास साधारणपणे १ ते २ नॅनोमीटर असतो. पोकळीत काय बसले आहे त्यानुसार तिचे विद्युत् संवहन बदलते. अल्कली धातू नलिकेला बाहेरून लावला तर हवा लागताच त्याचा परिणाम ओसरतो; तोच धातू आत असला तर भिंत त्याचे रक्षण करते. अंतर्भरणाचे खरे महत्त्व यात आहे.

पूर्वेतिहास : सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये बहुभित्ती नलिकांचे वर्णन प्रसिद्ध केले, एकभित्ती नलिका १९९३ मध्ये ज्ञात झाल्या. त्याच वर्षी केरळात जन्मलेले पुलिकल अजयन व इजिमा यांनी वितळलेले शिसे केशाकर्षणाने नलिकेत शिरत असल्याचे दाखविले. पुढे असे आढळले की सुमारे २०० मिलिन्यूटन प्रतिमीटरहून अधिक पृष्ठताण असलेला द्रव आत जात नाही. शिशाचा पृष्ठताण याच्या दुपटीहून जास्त आहे. म्हणून त्या प्रयोगात शुद्ध शिसे नव्हे, तर त्याचे एखादे संयुग आत गेले असावे असे मानले जाते. १९९८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांना नलिकेत शेंगेतल्या वाटाण्यांप्रमाणे ओळीने बसलेले सी-६० फुलरीन (६० कार्बन अणूंचे पोकळ गोलाकार) रेणू दिसले.

सेंदाई येथील पद्धती : जपानच्या तोहोकू विद्यापीठातील रिकिझो हाताकेयामा व सहकाऱ्यांनी २००१ पासून विकसित केलेली ही पद्धती या विषयाचा गाभा होय. लांब निर्वात नळकांड्याच्या एका टोकाला टंगस्टनची तापलेली तबकडी असते. तिच्यावर सीझियम या अल्कली धातूची वाफ सोडतात. सीझियमच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढण्यास ३.८९ इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात, तर टंगस्टनचे कार्यफलन (धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्यास लागणारी ऊर्जा) सुमारे ४.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, त्यामुळे अणू आपला इलेक्ट्रॉन धातूत टाकून आयन होऊन निघतो. तापलेली तबकडी स्वतःही इलेक्ट्रॉन सोडते. अशा रीतीने तयार झालेला आयनद्रायू अक्षीय चुंबकीय क्षेत्राने आवरून धरलेला असतो. तो थंड व शांत असतो, हा त्याचा मोठा गुण.

वाटेत छोट्या भट्टीतून फुलरीनची वाफ मिसळतात. फुलरीनला इलेक्ट्रॉनांची ओढ असते. तो इलेक्ट्रॉन पकडून ऋण आयन बनतो. आता नळकांड्यात सीझियमचे धन आणि फुलरीनचे ऋण आयन एकत्र नांदतात. दुसऱ्या टोकाच्या धातुपट्टीवर नलिकांचा थर असतो. पट्टीला ऋण विद्युत् दाब दिला की सीझियम येऊन आदळते, धन दाब दिला की फुलरीन. एकाच भाराच्या आयनाची ऊर्जा व्होल्टच्या आकड्याने ठरते, म्हणून काय भरायचे आणि किती जोराने, हे दोन्ही एका खुंटीने ठरविता येते. वाफेच्या किंवा द्रवाच्या पद्धतीत हे साधत नाही. दाब काही दहा ते काही शे व्होल्ट ठेवतात. तो फार वाढला तर भिंत मोडते. आयन नलिकेच्या उघड्या टोकातून शिरतात की भिंतीतील दोषातून, याविषयी एकवाक्यता नाही; दोन्ही वाटा संभवतात.

सीझियम भरलेली नलिका ऋण प्रकारचा अर्धसंवाहक होते. फुलरीनमुळे धन प्रकार बळावतो. याच गटाने पुढे सीझियम व आयोडीन एकाच नलिकेत भरून धन-ऋण संधी घडविली. आयनयुक्त विद्रावातून एकसरी डीएनए आत घालण्याचा प्रयोगही त्यांनी केला.

भित्ती-संस्करण : ऑक्सिजन किंवा अमोनियाच्या आयनद्रायूने भिंतीवर क्रियाशील गट बसतात व नलिका पाण्यात सहज विखुरते.

उपयोग : ट्रान्झिस्टर, डायोड; प्रामुख्याने प्रयोगशाळेपुरते.

महाराष्ट्रातील कार्य : मुंबईच्या आयआयटीत महेश्वर शेरॉन यांनी कापरापासून नॅनोकार्बन बनविण्याचे काम केले. पुणे विद्यापीठाच्या भौतिकी विभागात महेंद्र मोरे व संजय ढोले यांनी मायक्रोट्रॉन या त्वरकातील उच्च ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा मारा करून बहुभित्ती नलिकांच्या क्षेत्र-उत्सर्जनावर होणारा परिणाम अभ्यासला. मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात महेंद्र शिरसाट यांचा गट एकभित्ती नलिकांचे वायुसंवेदक बनवितो. संवाहक बहुवारिक व नलिका यांच्या संमिश्रावर द्रुतगती जड आयनांचा मारा करण्याचे प्रयोगही या गटाने केले आहेत. मात्र असे द्रुतगती आयन कोट्यवधी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे असतात, सेंदाईतील आयनांहून लाखो पटींनी अधिक. ते नलिकेत अडकत नाहीत, आरपार जातात. त्यामुळे अशा माऱ्याने नलिकेची भिंत व संवेदकाचा प्रतिसाद बदलता येतो. आयनांद्वारे अंतर्भरण करण्यासाठी मात्र कमी ऊर्जेचा आयनद्रायूच लागतो.