लालबागचा पूल, लॉटनचा नकाशा आणि शंभर मीटरांची चूक

लालबागचा उड्डाणपूल २०११ साली वाहतुकीस खुला झाला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर एकाच जागी दोन रस्ते झाले, एक खाली व एक वर. दिशादर्शक यंत्राला हा भेद सहज उमगत नाही. उपग्रहांवरून काढलेल्या स्थानात उंचीची चूक आडव्या चुकीच्या दीड-दोन पट असते. शिवाय गाडीतील यंत्र मिळालेले स्थान जवळच्या रस्त्याच्या रेषेवर आपणहून बसवते. दोन रेषा एकमेकींवर असल्या की त्याचा अंदाज फसतो आणि पुलावरच्या चालकाला ते डावीकडे वळण्याचा सल्ला देते. परळला गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे त्यात भर घालतात. भिंतींवरून परावर्तित झालेला संदेश लांबच्या वाटेने पोहोचतो व अंतराचे गणित बिघडवतो.

मोकळ्या आकाशाखाली साधा मोबाइल सुमारे पाच मीटरांपर्यंत अचूक असतो. आता दीडशे वर्षे मागे जाऊ.

१८६५ ते १८७२ या काळात कर्नल लॉटन यांच्या देखरेखीखाली मुंबई बेटाची मोजणी झाली. प्रमाण होते एका इंचाला चाळीस फूट, म्हणजे १:४८०. या प्रमाणात कागदावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर चोवीस सेंटिमीटर भरते. जेमतेम एक वीत! गिरगावच्या वाडीत दोन घरांमधली बोळही त्यात मावते. मोबाइलच्या पाच मीटरांत ती बोळ आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या भिंती हरवून जातात.

मग लॉटनचा नकाशा अधिक अचूक मानावा काय? प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. त्या नकाशाची अचूकता आपसांतील अंतरांची होती: या घरापासून ते घर किती दूर, एवढेच. ती सारी वस्ती पृथ्वीच्या गोलावर नेमकी कुठे आहे, हे ठरवणे निराळ्या मोजणीचे काम होते. ती विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ आरंभली. काम चालू असतानाच १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. त्याच्यामागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने १८३० साली पृथ्वीच्या आकाराची जी मापे मांडली, त्यांवर भारताचे नकाशे शतकाहून अधिक काळ उभे राहिले.

एव्हरेस्टचा लंबगोल भारतीय उपखंडाला उत्तम बसतो, पण त्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळत नाही. जीपीएसचा डब्ल्यूजीएस-८४ लंबगोल मात्र पृथ्वीच्या केंद्रावर आधारलेला आहे. त्यामुळे एकाच बिंदूचे अक्षांश-रेखांश दोन्ही पद्धतींत वेगळे येतात. मुंबईच्या परिसरात ही तफावत शंभर मीटरांच्या घरात जाते. २ मे २००० पूर्वी अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूकही साधारण एवढीच होती. ती एका रात्रीत काढून टाकता आली. जुन्या नकाशांतील फरक तसा जाणार नव्हता, कारण तो प्रत्येक छापील पानात होता.

शहरात शंभर मीटर म्हणजे फार तर पुढचा नाका. सह्याद्रीत मात्र हेच अंतर कड्याच्या आत आणि बाहेर असा फरक करते. जुन्या स्थलदर्शक नकाशावरून वाचलेले अक्षांश-रेखांश हातातल्या जीपीएस यंत्रात तसेच भरणारा गिर्यारोहक यंत्र बिनचूक असूनही चुकीच्या घळीत उतरू शकतो. यंत्राच्या मांडणीत आधारपद्धती निवडण्याची सोय असते. बहुतेक जण ती उघडूनही पाहत नाहीत. महागडे यंत्र घेण्याआधी एवढे शिकणे अधिक उपयोगाचे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरिकांसाठीची नकाशामालिका डब्ल्यूजीएस-८४ वर आणली. जुनी पाने मात्र अजून अनेकांच्या संग्रही आहेत.

नावांची चूक आणखी निराळी. २०१८ साली एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे प्रभादेवी झाले. जुना नकाशा हाती असलेल्याला प्रभादेवी स्थानक त्यात सापडणार नाही, मग त्यातील रेषा कितीही बिनचूक असोत.

गिरगाव, लालबाग, परळच्या चाळी आज पुनर्विकासासाठी पाडल्या जात आहेत. भूमापकाचे आधुनिक रोव्हर यंत्र आता सेंटिमीटरांपर्यंत स्थान सांगते. परंतु ते स्थान कोणाच्या हद्दीत येते, हे उपग्रहाला ठाऊक नसते. त्यासाठी मिळकत पत्रिका काढावी लागते, आणि तिच्यावर आजही 'गिरगाव विभाग' किंवा 'परळ-शिवडी विभाग' असे लिहून पुढे सी. एस. क्रमांक असतो.