वत्सगुल्म : वाशीमच्या पोटातील प्राचीन राजधानी

अनसिंगहून वाशीमला बाजारासाठी, कचेरीच्या कामासाठी येणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की आपण वाकाटकांच्या एका राजधानीत पाऊल ठेवीत आहोत? आजचे वाशीम म्हणजेच प्राचीन वत्सगुल्म होय.

वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन याच्यानंतर चौथ्या शतकात राज्याची विभागणी झाली. ज्येष्ठ शाखा रामटेकजवळील नंदिवर्धन येथून राज्य करू लागली, तर प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन याने वत्सगुल्म येथे आपली गादी स्थापन केली. सर्वसेन हा कवीही होता. त्याच्या 'हरिविजय' या प्राकृत काव्याची दखल आनंदवर्धनासारख्या साहित्यशास्त्रज्ञाने घेतली. ते काव्य आज उपलब्ध नाही. त्याची ओळख उरली आहे ती इतरांच्या ग्रंथांतील उल्लेखांतून.

राजधानीचेही काहीसे तसेच झाले. ही शाखा इतिहासाला जवळजवळ अज्ञात होती. १९३९ मध्ये वाशीम येथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट प्रकाशात आला आणि चित्र पालटले. राजाच्या ३७ व्या राज्यवर्षी दिलेल्या या दानपत्रात वंशावळीचा भाग संस्कृतात, तर पुढील मजकूर प्राकृतात आहे. ते वत्सगुल्म येथूनच दिलेले आहे. या आधारे अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यातील शिलालेखाचे वाचन सुधारता आले. हा शिलालेख हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याचा आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील अजिंठ्याच्या वैभवामागे वत्सगुल्मची राजसत्ता उभी होती, हे त्यातून स्पष्ट होते. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाकाटक लेखसंग्रहात या साधनांची साक्षेपी मांडणी आहे.

नावाच्या व्युत्पत्तीविषयी दोन परंपरा आढळतात. स्थानिक माहात्म्य वत्स ऋषींच्या तपोभूमीची कथा सांगते, तर कामसूत्राचा टीकाकार वत्स आणि गुल्म या दोन राजपुत्र बंधूंचा निर्देश करतो. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखरानेही विदर्भातील वत्सगुल्म नगराचा गौरवाने उल्लेख केला आहे.

आज दृष्टीस पडणारे वाशीम मात्र पुष्कळ नंतरचे आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, भवानी काळू यांनी बालाजी मंदिर उभारले. पद्मतीर्थ हे येथील मान्यवर तीर्थ. इंग्रजी अमलात वाशीम जिल्ह्याचे ठिकाण होते. १९०५ मध्ये तो जिल्हा अकोला व यवतमाळ जिल्ह्यांत विभागला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्र झाला.

वाकाटकांचे नगर आजच्या वस्तीखालीच दडलेले आहे. त्याची सर्वांत बोलकी साक्ष दिली ती ताम्रपटाच्या काही पत्र्यांनी. म्हणूनच पाया खणताना हाती लागलेले नाणे, मूर्ती वा अक्षरे कोरलेला पत्रा भंगारात न जाता पुरातत्त्व खात्यापर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे. एका ताम्रपटाने एक हरवलेला राजवंश परत मिळवून दिला, याचा विसर पडू नये.